चुनाभट्टीवर समुद्र उभा केला तेव्हा

साठ सालच्या सुमारास अमरावतीला भूगर्भशास्त्र शिकत होतो. सुट्टीत अकोल्याला आलो आणि भिंती रंगवायला चुना आणायला भट्टीवर गेलो. तिथे वणीहून आलेल्या चुनखडीच्या ढिगात एक गोटा दिसला, पानकोबीसारखे थरावर थर असलेला. कॉलेजात दाखवायला मला तो हवाच होता, पण भट्टीवाल्या मावशी तो आगीत टाकत होत्या.

"मावशी, हा मले द्या!"

"काहून? याचा बी चुनाच होते."

मग मी हात पसरून नाटकच सुरू केलं. हा गोटा झाला तिथं एकेकाळी उथळ समुद्र होता. तळाशी अगदी सूक्ष्म जीवांचा बुळबुळीत थर असे. पाणी हळूहळू चढलं की उजेडासाठी तोही वर सरके आणि खाली चुन्याचा थर राही. पाणी ओसरलं की तो बुळबुळीत थर वाळे, एकदम वाढलं की बुडून मरे.

मावशींनी खाऱ्या पाण्याच्या रांजणाकडे बोट दाखवलं. आत पांढरी वळी होती. "म्हंजे अशी? पानी जिथं थांबलं, तिथं निशानी."

"जवळपास तशीच! आता द्या."

"आता कसा देऊ, बाबू? तू सांगतलं नसतं तं देल्ला असता." त्यांनी गोटा पदराने पुसून उंच कोनाड्यात ठेवला.

मी नुसता चुना घेऊन निघालो. वाटभर स्वतःच्या जिभेला शिव्या घातल्या. घर येईपर्यंत मात्र तो गोटा जळाला नाही, याचाच आनंद उरला.