गाऱ्हाण्यात राहून गेलेलं

आमच्या खेडकडे शिमग्यात ग्रामदेवाची पालखी घरोघर येते. ती ओटीवर बसली की गुरव त्या घराचं गाऱ्हाणं घालतो, आणि जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. काय मागायचं ते घरच्या कर्त्याने त्याला आधी सांगायचं. देव मागितलं तेवढंच देतो, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला आमचे आबा हवाई दलातून रिटायर होऊन गावी आले. अर्धं आयुष्य त्यांनी एकाच जातीच्या बॉम्बफेकी विमानांची इंजिनं सांभाळली होती. कोणी विचारो न विचारो, ते सुरू व्हायचे. "मोठ्या लढाईनंतर विलायतेत घडवलेलं विमान गो! अंगावर एक बंदूक नाय. उंच जायचं नि पळायचं, एवढंच. सुरू करताना काडतूस फुटायचं, की हा काळा धूर!"

"पुरे झालं त्या सवतीचं कौतुक," आई म्हणायची.

आबा रिटायर झाले, विमान काही झालं नाही. माझा धाकटा भाऊ हवाई दलात नेव्हिगेटर, म्हणजे विमानाची वाट आखणारा अधिकारी झाला आणि नेमका त्याच विमानात बसला. त्या शिमग्याला आबांनी गुरवाला सांगितलं, "विमान शाबूत ठेव, एवढंच घाल."

"अवो, नि पोराचं?" आई कुजबुजली.

"विमान नीट, तर पोरगा नीट. मला शिकवू नकोस."

मला हसू आलं होतं. आता त्या हसण्याचा राग येतो. पुढची तीन वर्षं तेच गाऱ्हाणं घातलं गेलं.

चौथ्या वर्षी, भाताची लावणी चालू असताना तार आली. विमान व्यवस्थित उतरलं होतं. भाऊ त्यातून उतरून जीपमध्ये बसला, आणि ती जीप वाटेत उलटली. आबांनी तार दोनदा वाचली, मग विचारलं, "विमानाला काय नाय ना झालं?" आई चिखलाच्या पायांनी तशीच उभी राहिली. मी आत जाऊन चुलीवरचा भात उतरवला. रडू येत नव्हतं. पुढेही बरेच महिने आलं नाही. मी शिकवायचे त्या शाळेत मुलांचे पाढे घेत होते, घरी येऊन जेवत होते.

पुढचा शिमगा दुखवट्यात गेला, पालखी आमच्या दारावरून पुढे गेली. त्यानंतरच्या वर्षी आली. गुरवाने आबांकडे बघितलं. आबांनी त्याला हाताने थांबवलं. ढोल थांबले, माणसं खोळंबली. मग ते स्वतःच पालखीपुढे उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, ती विमानं अजून उडतायत. त्यांचं काय ते तिथले मेकॅनिक बघतील. त्यांतनं उतरलेल्या पोरांना तेवढं घरापर्यंत पोचव."

सगळ्यांच्या आधी आई म्हणाली, "व्हय म्हाराजा."