आईचे धवले कुठे ठेवायचे

आमच्या आगरी लग्नांत धवला लागतोच. ही गाणी म्हणणारी ती धवलारीण, आणि जासईत ती माझी आई होती. गाणी कुठेही लिहिलेली नव्हती, तिच्या डोक्यात होती. शिकायला कोणी पुढे आलं नाही. मीही नाही. मी खारघरच्या टॉवरमध्ये राहून एका कंपनीचा डेटा सांभाळत होते.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा माझे डोळे उघडले. फोन घेऊन समोर बसले, तर खेकसली, "कुनाचा लगीन हाय गो? मांडव नाय, हलद नाय, न धवला कसा गाऊ?" लग्नाशिवाय धवला म्हणणं तिच्या लेखी अशुभ. मी पिच्छा सोडला नाही. शेवटी तिने पाटावर हळद-तांदूळ मांडायला लावले, देवाची माफी मागितली आणि पाच-सहा दुपारी मिळून तेवीस धवले म्हटले. प्रत्येकानंतर तिला धाप लागायची. शेवटी एवढंच विचारलं, "जपून ठेवशील ना?"

"आई, माझं कामच ते आहे," मी तोऱ्यात म्हटलं.

फोन भरला होता, म्हणून गाणी क्लाउडवर टाकायचं ठरवलं. एका ठिकाणची फुकटची जागा नातेवाइकांच्या गुड मॉर्निंगच्या फुलांनी आधीच खाल्ली होती. दुसरं चांगलं होतं, पण दर महिन्याला पैसे मागत होतं. तिसरं सिमकार्डाच्या कंपनीचं, रिचार्जबरोबर फुकट आणि भरपूर. ऑफिसात मी लोकांना अटी वाचायला लावते. स्वतः वाचल्या नाहीत. भाऊ म्हणाला, "ताई, फुकट हाय तं टेन्शन कशाला घेतंस?" तिसरं घेतलं. गाणी चढवली, आणि फोनमधली पुसून जागा मोकळी केली.

आई गेली. मला ती गाणी ऐकवेनात, म्हणून वर्षभर ते ॲप उघडलंच नाही.

मधल्या काळात बेडरूममध्ये रेंज येईना. सोसायटीखालच्या मोबाइलवाल्याने दुसऱ्या कंपनीचं सिम दिलं, नंबर पोर्ट करून दिला. सगळे करतात तसंच मीही केलं. नंबर तोच राहिला, त्यामुळे काही बदललं असं वाटलंच नाही.

भावाच्या मुलीच्या हळदीच्या चार दिवस आधी ॲप उघडलं. ही सेवा या नंबरसाठी उपलब्ध नाही, असं आलं. कस्टमर केअरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, नंबर पोर्ट झाल्यावर ठरावीक मुदतीनंतर डेटा काढून टाकतात. तसा मेसेज पाठवला होता." पाठवला असेलही. त्यांचे मेसेज मी न वाचताच पुसत होते. मी तिच्यावर वाट्टेल तसं ओरडले. तिचा काय दोष होता?

हळदीला मांडवात स्पीकर लावून ठेवला होता. भाची हळद लावून पाटावर बसली होती. भावाने हाक मारली, "ताई, आईचा धवला लाव ना."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "आईने म्हटलेच नाहीत रे. लग्न नाही तर धवला नाही, म्हणाली. अडून बसली. तुला सांगायचा धीर झाला नाही, म्हणून खोटं बोलले."

"हट्टीच होती ती," एक म्हातारी काकी म्हणाली. "जाताना सगला घेऊन गेली."

मी मान डोलावली.