दरीच्या कडेला काढलेल्या चपला

ती घटना आठवली की आजही मला आधी स्वतःचा राग येतो, त्या तिघांचा नंतर.

नव्वदच्या दशकात मी इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याला फौजदार होतो. एके सकाळी वरकुट्याची एक तरणी बाई आली. तिचा नवरा बारामती एमआयडीसीत कामाला. कारखान्यातल्या तीन मित्रांबरोबर तो जीपने राजस्थानचं वाळवंट पाहायला गेला होता. आदल्या संध्याकाळी तिघेच परतले. किल्ला पाहताना भांडण झालं आणि तो रागाने एकटाच बसने निघाला, असं ते सांगत होते.

मी बेपत्ता नोंदवहीत नोंद घेतली आणि म्हणालो, "बाई, रुसलेला माणूस आपल्या पायाने घरी येतो. चार दिवस थांबा." अशा कितीतरी बायकांना मी हेच सांगितलं होतं, आणि त्यांचे नवरे खरंच परत आले होते. अनुभवाने माणूस शहाणा होतो म्हणतात. आळशीही होतो.

पाचव्या दिवशी ती पुन्हा आली. तेव्हा कुठे मी तिघांना बोलावलं. कुणी मागितलं नसताना जीपच्या मालकाने फोटोंचं पाकीट टेबलावर ठेवलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. जिथे जिथे थांबले तिथे जीपसमोर उभं राहून एकेक फोटो: वाळूची टेकाडं, उंट, किल्ला आणि शेवटी लाल खडकांच्या खोल दरीचा काठ. आधीच्या फोटोंत चौघे आलटूनपालटून होते. दरीच्या फोटोत मात्र हेच तिघे. हा कोणी काढला, असं विचारलं तर म्हणाले, एका वाटसरूने.

नवऱ्याचे कपडे ओळखायला म्हणून मी ते फोटो बाईला दाखवले. दरीचा फोटो तिने बराच वेळ खाली ठेवला नाही. मग कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे खडकावर चपलांचा एक जोड होता. तिघांच्या पायांत बूट होते.

"ह्या ह्यांच्याच हायत. उजवीला लाल वायरचा टाका मीच घातलाय," ती म्हणाली. "हिरीच्या कडंला जाताना ते आधी चपला काढत्यात. अनवाणी पाय दगड धरून ऱ्हातो, म्हणत्यात."

मी भिंगातून पाहिलं. लाल टाका होता.

तिघांना वेगवेगळं बसवून वाटसरू कसा होता ते विचारलं. एकाने फेटेवाला म्हातारा सांगितला, दुसऱ्याने कॉलेजची पोरं. जीपच्या मालकासमोर मी भिंग आणि फोटो ठेवला. तो रडायला लागला.

"आमीच म्हणलं, मागं सर, जीपचा नंबर आला पायजे. त्यानं फोटो काढला आन् पायाखालचा दगड निसटला. खालनं हाका मारत व्हता, साहेब. उतरायला वाट न्हवती. आमी अजून टेम्पररी हाय. पोलिसात नाव गेलं तर कंपनी ठेवंल का?"

कॅमेरा वर खडकावरच पडला होता. तो मात्र त्यांनी आठवणीने उचलला.

मी तिकडच्या पोलिसांना बिनतारी संदेश पाठवला. चपला जागेवरच मिळाल्या. प्रेत पडल्या जागी नव्हतं. मोडक्या पायाने तो एका कपारीच्या सावलीपर्यंत सरपटत गेला होता. पडल्यावर निदान तीन दिवस जिवंत असावा, असं डॉक्टरांचं मत पडलं. मित्र दोन दिवसांत घरी पोचले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यासमोर उभी होती.

मित्राला तसंच सोडून येण्याला लावायला कायद्याच्या पुस्तकात धड कलम सापडेना. तिघे किरकोळ शिक्षेवर सुटले. माझ्यावर तर काहीच कारवाई झाली नाही. वरिष्ठांनी तपासाबद्दल शाबासकी दिली, आणि मी ती घेतली. त्यानंतर नोकरीत मी कुणालाही चार दिवस थांबायला सांगितलं नाही. या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच, आणि ते तिच्या काही उपयोगाचं नव्हतं.

जबाबावर अंगठा नको, सही करते, म्हणून तिने सावकाश सही केली. पंचनाम्यातल्या चपला मागून घेतल्या, पदराने पुसल्या. जाताना दारात थांबली. आवाज चढवला नाही.

"आपल्या पायानं घरी येतो, तुमीच म्हणाला व्हता न्हवं, साहेब?"