हाण म्हणजे पैसे न्हाई

"मैदानात मराठी बोलायची न्हाई, किती बार सांगितलं तुला?"

"तोंडातून निघालं, सर! चेंडू विजयश्रीच्या हातात, रिंग समोर. 'हाण गं, हाण' म्हणू नको तर काय अर्ज करू व्हय?"

"निवड समितीवाले बेंगळूरचे. त्यांना वाटलं, पोरगी 'हण' मागायलीय. कन्नडात पैसे!"

"त्यांचं जाऊ द्या, ते परके. तुम्ही हसलाव कामून?"

स्नेहलच्या या प्रश्नानं राजपालसरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कर्नाटकाच्या सीमेवरल्या भालकीत पोरींना बास्केटबॉल शिकवणारा हा माणूस उगीच शिट्टी पुसत राहिला. कठड्यावर त्याचे वडील माणिकअप्पा रोजच्यासारखे खेळ बघत बसले होते. तिकडं मात्र त्यानं मान वळवली नाही.

एके काळी राजपाल बेंगळूरच्या एका कंपनीच्या संघात पगारी खेळाडू होता. तिथं त्यानं घरची बोली बॅगेच्या तळाशी घातली आणि कन्नड अशी घासूनपुसून वापरली, की कुणाला सीमेचा वासही येऊ नये. मग एका सामन्याला अप्पा आले. साखर कारखान्यातली पाळी संपवून तसेच गाडीत बसलेले, सदऱ्याला मळीचा वास, हातात भाकरीचं गाठोडं. रेषेशी उभं राहून ओरडले, "हाण! हाण!" संघातल्या पोरांनी ऐकलं, हण, हण. म्हातारा भीक मागतोय समजून एकानं नोट पुढं केली अन् राजपालला विचारलं, "यारप्पा इवरु?" कोण रे हे?

"गोत्तिल्ल," राजपाल म्हणाला. ठाऊक नाही.

अप्पांनी नोट घेतली, हात जोडले, बाहेर पडले.

पुढं गुडघा गेला आणि राजपाल भालकीला परतून शिकवू लागला. त्या 'गोत्तिल्ल'ची गोष्ट बापलेकांत कधी निघाली नाही. गोंगाटात अप्पांना ऐकूच गेलं नसेल, या एका आशेवर त्यानं वर्षं काढली.

"उद्या शेवटचा सामना हाय," स्नेहल म्हणाली. "हाण म्हणजे काय, ते तुम्ही त्यांना सांगा. न्हाईतर मी यायची न्हाई."

"पुन्हा हसतील ते."

"हसू द्या की. तुम्ही नका हसू."

कठड्यावरून अप्पांचा आवाज आला, अगदी मऊ. "नको गं बाळे, त्याला कोंडीत धरू नको. कुणी विचारलं की त्याला ठाऊक नसतंय."

राजपालनं शिट्टी गळ्यातून काढली, बाकावर ठेवली आणि जाळीचं फाटक ढकललं.

"सर! उद्या येऊ का नको?"

तो कठड्याकडं न बघता चालत राहिला.