बेदाण्याच्या शेडवर वाढदिवसाचे फ्लेक्स

मार्चात जतला जाऊ नका, उन्हानं भाजून निघाल, असं मी याच ब्लॉगवर लिहिलं होतं. ते मागे घेते. यंदा छत्री न घेता गेले आणि चिंब भिजून आले. माझी थोरली बहीण, अक्का, तिकडे द्राक्षबाग करते. तिचा फोन आला, "बेदाणा रॅकवर हाय, बघून जा. यंदाबी काळा पडला तर दाजी बागच काढणार हायेत." मग काय, रजा टाकली आणि गाडी काढली.

साताऱ्याहून रहिमतपूर, औंध, विटा, तासगाव असा रस्ता धरला. औंधला यमाईचा डोंगर चढायचा असेल तर सकाळीच चढा. विट्यात मिसळ खाल्ली, झकास होती. पुढे एका ओढ्यावरची मोरी खचलेली म्हणून लांबचा वळसा. पावसाळ्यात खचली, दुरुस्त केली, अवकाळीनं परत खचली. एकाच मोरीवर आपण किती वेळा पैसे ओतायचे?

अक्काच्या वाडीच्या वाटेवर पिण्याच्या पाण्याचा टँकर आदल्या दिवशीच्या चिखलात रुतून बसलेला. बायका तिथेच घागरी भरत होत्या. प्यायला टँकर आणि बेदाण्यावर पाऊस! मी कपाळाला हात लावला.

बेदाण्याची शेड चारी बाजूंनी उघडी असते. आत जाळीचे मजले, त्यांवर द्राक्षं पसरलेली. वारा खेळला तर बेदाणा हिरवा राहतो, ओल धरली की काळा पडतो. पाऊस आला की बाजू झाकायच्या. ताडपत्री परवडत नाही म्हणून दाजींनी वाढदिवसाचे जुने फ्लेक्स बांधलेले. गॉगलवाले भावी पुढारी हात जोडून बेदाण्याची राखण करत होते.

मोबाइलवर दिवसभर पाऊस दाखवत होता, म्हणून दाजींनी सकाळपासून शेड बंद ठेवलेली. पाऊस आलाच नाही. आत नुसती वाफ. वैतागून दुपारी फ्लेक्स सोडले आणि जेवायला बसलो, तर तो आला, तोही आडवा. आम्ही तिघं उष्ट्या हातांनी धावलो. माझ्या हातातला फ्लेक्स मधोमध फाटला. खालचे दोन मजले भिजले.

मी विम्याचं विचारलं. दाजी म्हणाले, "वेलीवर असतं तर इमा हाय. उतरवून रॅकवर टाकलं की न्हाई."

माझं डोकंच फिरलं. पाऊस काय वेल बघून पडतो? काढून टाका ती बाग, मी ओरडले.

अक्का ओला बेदाणा वेगळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "काढू गं. पण लावू काय? जोंधळा? त्याच्यावरबी ह्योच पाऊस पडतूय."

मी तिच्याशेजारी बसून ओला बेदाणा निवडू लागले.

येताना तिनं पिशवीभर काळा बेदाणा दिला. घरी आल्यापासून रोज खाते आहे. चवीला गोडच आहे, पण बाजारात रंगाला भाव. परवा तिचा फोन आला. दाजींनी पुढच्या हंगामासाठी बागेची छाटणी सुरू केली होती, म्हणजे बाग राहणार. मी हुश्श केलं आणि लगेच चिडलेही, कारण पुढच्या मार्चात पुन्हा हेच. तिनं मात्र कामाचं सांगितलं, "तुमच्या चौकात मोठाले फ्लेक्स लागत्यात न्हवं? उतरवले की मागून घे. जाड बघून घे, मागचा फाटला."

चौकातल्या पुढाऱ्याचा वाढदिवस शुक्रवारी आहे. या फ्लेक्सना मी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या. काल उभी राहून कापड चाचपून आले. जाड आहे.