तेजस्विनीताईंचा शब्द

सिन्नरमध्ये ब्लाउज शिवणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण माप घेण्याआधीच बाही कुठे दाटणार हे सांगणारी तेजस्विनी एकच. एकतिशीची, बारावी शिकलेली, तोंडाने मोकळी. नवरा संतोष औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळीने जायचा. एकुलती एक मुलगी आरोही. तिला पहिलीत असतानाच दम्याने धरलं. शाळेला लागून रस्त्याचं काम चाललेलं, त्यामुळे वर्गात दिवसभर धूळ. दोन दिवस शाळा आणि चार दिवस दवाखाना, असं करत पहिलीचं वर्ष हातचं गेलं. दुसरी सुरू व्हायच्या सुमारास डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, हिला इतक्यात धुळीत आणि गर्दीत पाठवू नका.

घरी बसून पोरगी करणार काय, या काळजीत असताना तेजस्विनीला नाशिकच्या एका ऑनलाइन शाळेचा पत्ता लागला. सकाळी दोन तास वर्ग, एका वर्गात बारा मुलं, आणि शनिवारी अर्धा तास फक्त पालकांसाठी. संतोषचा विश्वास बसेना. मोबाइलवर पोरं गेम खेळतात, अभ्यास कुठला, असं त्याचं म्हणणं. तरी तेजस्विनीने नाव घातलंच.

वर्गाच्या बाई होत्या इरा मॅडम. तिशीच्या आतल्या, बारीक चणीच्या, आवाज असा की ओरडणाऱ्या मुलांनीही कान द्यावा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तेजस्विनीची चूक पकडली. आरोही अडली की तेजस्विनी बाजूने हळूच उत्तर सांगायची. शनिवारी इरा मॅडम म्हणाल्या, "तेजस्विनीताई, तिला अडू द्या. अडलेलं मूल विचार करत असतं." तेव्हापासून वर्गाच्या वेळी तेजस्विनी शिवणाचं काम मांडीवर घेऊन बसायला लागली, म्हणजे हात गुंतलेले राहतील आणि तोंड आवरेल.

दिवाळीपर्यंत आरोही जोडाक्षरं वाचायला लागली. दम लागला की कॅमेरा बंद करून पडल्या पडल्या ऐकायची, बरं वाटलं की पुन्हा उठून बसायची. वर्ग बुडाला तर इरा मॅडम संध्याकाळी दहा मिनिटं फोन करून तेवढा भाग समजावून सांगायच्या. कुठल्या शाळेत असं होतं? संतोषसुद्धा सुट्टीच्या दिवशी मुलीच्या शेजारी बसून पाढे ऐकायला लागला.

तेजस्विनीला आनंद एकटीने पचत नसे. ब्लाउज न्यायला आलेल्या बाईला ती आरोहीची वही दाखवायची. हळूहळू ओळखीच्या बायका विचारायला लागल्या. कोणाचं घर शाळेपासून लांब मळ्यात, कोणी कामासाठी सहा महिने इथे तर सहा महिने तिथे. शाळेनेही ही गोष्ट हेरली. शाळेचे प्रमुख देवव्रत सर एका शनिवारी स्वतः पालकसभेत आले आणि तेजस्विनीला 'पालकसखी' म्हणून नेमलं. नव्या घरांना वर्गासाठी फोन कसा लावायचा, मुलाजवळ कसं बसायचं, हे तिने शिकवायचं. पगार नव्हता, पण मान होता. शिवणयंत्रापलीकडे आपला कोणाला उपयोग आहे, हे तिला पहिल्यांदाच जाणवलं.

सगळ्यांचा प्रश्न मात्र एकच असायचा. ही शाळा सरकारमान्य आहे का? पुढे दाखला चालेल का? तेजस्विनीने तो प्रश्न इरा मॅडमना विचारला. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, सर म्हणतात सगळं रीतसर आहे, तुम्ही निर्धास्त सांगा. पुढे शाळेने तेजस्विनीचा एक व्हिडिओ काढला. काय बोलायचं ते इरा मॅडमनी आधी फोनवर सांगितलं होतं. तेजस्विनी कॅमेऱ्याकडे बघून हसत म्हणाली, "माझी मुलगी इथे शिकते. शाळा सरकारमान्य आहे, दाखला कुठेही चालतो. मी शब्द देते."

दोन वर्षांत तिच्या शब्दावर अकरा घरं आली. त्यातलं एक सिन्नरजवळच्या दुबेरे गावातल्या कुसाबाईचं. कुसाबाईचा मुलगा आणि सून पुण्याकडे कामाला. नातू त्र्यंबक आजीजवळ. तो बोलताना अडखळायचा, वर्गातली पोरं त्याची नक्कल करायची, म्हणून त्याने शाळेचं नावच टाकलेलं. कुसाबाई तेजस्विनीला म्हणाली होती, "मला यातलं काय कळत नाय. तू सांगती ना, मग मी डोळं मिटून सही करते." इरा मॅडमनी त्र्यंबकला तीन महिने एकदाही बोलायला लावलं नाही. तो लिहून उत्तर द्यायचा. चौथ्या महिन्यात त्याने कॅमेरा बंद ठेवून आपल्या शेळीला करडं कशी झाली ते सांगितलं. सांगायला सहा मिनिटं लागली, पण मधे कोणी तोंड उघडलं नाही. कुसाबाई ओट्यावर बसून पदराने डोळे पुसत होती, हे तेजस्विनीने स्वतः पाहिलं.

आरोहीची चौथी झाली. दमाही बराच आटोक्यात आला. आता पाचवीला गावातल्या हायस्कुलात घालायचं ठरलं. जूनमध्ये मायलेकी दाखला घेऊन गेल्या. कारकुनाने दाखल्यावरचा शाळेचा क्रमांक संगणकात घातला, पुन्हा घातला, मग कागद उलटसुलट करून पाहिला. तो म्हणाला, "ताई, हा क्रमांक कुठल्या शाळेचाच नाही. मुलीचं नावही सरकारी यादीत पहिलीच्या पुढे नाही. कागदावर ही मुलगी पहिलीनंतर शाळेत गेलेलीच नाही."

तेजस्विनीला वाटलं, आकडा चुकला असेल. तिने तिथूनच इरा मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, ऑफिसात विचारून कळवते. दोन दिवस गेले, कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी तेजस्विनी एसटीने नाशिकला गेली.

कॉलेज रोडवर तिसऱ्या मजल्यावर शाळेचं ऑफिस. देवव्रत सरांनी चहा मागवला. आवाज चढवला नाही, टाळाटाळ केली नाही. त्यांनी आरोहीचा प्रवेशअर्ज काढून शेवटचं पान पुढे केलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हा शाळेला पूरक शिकवणी-कार्यक्रम असून मुलाचं नाव मान्यताप्राप्त शाळेत ठेवण्याची जबाबदारी पालकांची राहील. खाली तेजस्विनीची सही होती. बाकीच्या अकरा अर्जांवरही सह्या होत्या आणि त्या तिनेच घरोघरी जाऊन आणल्या होत्या.

ती म्हणाली, पण तुम्ही सरकारमान्य म्हणून सांगितलंत.

"आम्ही कुठे सांगितलं?" सर शांतपणे म्हणाले. "आमच्या एकाही कागदावर तो शब्द नाही. व्हिडिओत तुम्ही बोललात, ताई. ते तुमचं मत होतं."

दोन वर्षं ज्याला तेजस्विनी मान समजत होती, तो कशासाठी होता हे आता लख्ख दिसलं. जे खोटं शाळेला स्वतःच्या तोंडाने बोलायचं नव्हतं, त्यासाठी तिचं तोंड वापरलं होतं. तिच्यासारखीच साडी, तिच्यासारखीच बोली, तिच्यासारखीच आई. लोकांनी शाळेवर कधी विश्वास ठेवलाच नव्हता, तिच्यावर ठेवला होता.

इरा मॅडम पलीकडच्या टेबलावर होत्या. इतक्या वेळात त्यांनी लॅपटॉपवरून नजर उचलली नव्हती. तेजस्विनी उठून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मॅडम, तुम्हाला माहीत होतं?"

इरा मॅडमनी मान हलवली. "पहिल्या वर्षापासून."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आरोहीला काढून घेतलं असतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मग ती वाचायला शिकली नसती. त्र्यंबक बोलला नसता. मला वाटलं, कागदाचं पुढे बघता येईल."

त्यात खोटं काही नव्हतं, आणि तेच तेजस्विनीला जास्त लागलं. सरांचा तिला राग आला होता, पण ते कोण होते तिचे? शनिवारचे दीडशे अर्धे तास तिने या बाईसमोर मन उघडं केलं होतं. सासूबाईंशी झालेली कुरबूर सांगितली होती. आरोहीचा श्वास अडकला त्या सकाळी संतोषच्या आधी हिला फोन केला होता.

"ते ठरवायचं माझं होतं, मॅडम," एवढंच ती म्हणाली आणि जिना उतरली.

बसमध्ये तिने ठरवलं की हे त्या घरांना दुसऱ्या कोणाकडून कळता कामा नये. संतोष म्हणाला, थोडं थांब, मी सोबत येतो. ती थांबली नाही. तीन दिवसांत अकरा उंबरे झिजवले. कोणी चिडलं. एका घरात तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. कुसाबाई शेंगा फोडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं, हात थांबवले नाहीत.

"मावशी, मलाही फसवलं," तेजस्विनी म्हणाली.

"फसवलं आसंल," कुसाबाई म्हणाली. "पन त्या मॅडमला मी वळखत नव्हते. माझ्या दारात तू आली होती."

तेजस्विनीने उठून त्र्यंबकला बरोबर घेतलं.

मग ती दुबेऱ्याच्याच शाळेतल्या गंगाधर गुरुजींकडे गेली. गुरुजींनी तिला धीर दिला. कायद्याप्रमाणे मुलाला वयानुसार वर्गात घ्यावंच लागतं, दाखला नाही म्हणून कोणाला परत पाठवता येत नाही. जन्माचा पुरावा आणा, बाकी मी बघतो. त्यांनी त्र्यंबकला पुस्तक देऊन वाचायला सांगितलं. पोरगं पहिल्याच शब्दाला अडलं. गुरुजी पुढचा शब्द सांगायला गेले, तेव्हा तेजस्विनीने हात वर करून त्यांना थांबवलं. त्र्यंबकने सावकाश पान पुरं केलं. गुरुजींनी चष्मा काढला आणि विचारलं, याला शिकवलं कोणी? तेजस्विनीला इरा मॅडमचं नाव घ्यावंसं वाटलं नाही. पण घ्यावं लागलं.

पावसाळा संपेपर्यंत अकरांपैकी नऊ मुलं वयाप्रमाणे वर्गात बसली. दोघांच्या घरच्यांनी भीतीने एक यत्ता खाली घातलं. आरोहीला हायस्कुलात चाचणी घेऊन पाचवीत घेतलं. तेजस्विनीने गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली, त्यात आपला व्हिडिओही जोडला आणि खाली लिहिलं की हे मी बोलले, मला बोलायला सांगितलं होतं, आणि हे खोटं आहे. त्या तक्रारीची चौकशी अजून चालू आहे. कुसाबाईचा नातू रोज शाळेत जातो. कुसाबाई मात्र ब्लाउज आता दुसरीकडे शिवायला टाकते, आणि सिन्नरच्या स्टँडवर समोरासमोर गाठ पडली तर जीपची वाट बघत असल्यासारखी रस्त्याकडे पाहते.

दसऱ्यानंतर एका रविवारी सकाळी इरा मॅडमचा फोन आला. त्याआधीचे सहा फोन तेजस्विनीने उचलले नव्हते. या वेळी आरोहीने पडद्यावरचं नाव आधी वाचलं आणि आईच्या तोंडाकडे पाहत राहिली. तिला सगळं ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "आई, मी एकदाच बोलू?"

तेजस्विनीने फोन उचलून मुलीच्या हातात दिला आणि ओट्यावर जाऊन बसली. आतून आरोहीचा आवाज येत होता. नव्या वर्गात खिडकीजवळ बसायला मिळतं, दम्याचा पंप आता दप्तरातच असतो, विज्ञानाच्या बाई कडक आहेत, असं ती भराभरा सांगत होती. मग तिने मराठीच्या पुस्तकातला अख्खा धडा वाचून दाखवला. एकदाही अडली नाही. पलीकडून इरा मॅडम शाबासकी देत असाव्यात, कारण आरोही हसली.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. "मॅडमना तुझ्याशी बोलायचंय," म्हणाली.

फोन कानाला न लावताही 'तेजस्विनीताई' ही हाक तेजस्विनीला स्पष्ट ऐकू आली. तिने तो बंद केला आणि आरोहीला जवळ बसवलं.