जाईबाई डोंगर दाखवतात

कराडजवळच्या मलकापूरहून आगाशिवच्या डोंगराकडे निघालं की उसाच्या फडांमध्ये एक बैठं कौलारू घर लागतं. फौजेतून सुभेदार होऊन परतलेले नानासो आणि त्यांची बायको रेश्मा यांनी सहा वर्षांपूर्वी तिथं पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या. पुण्या-मुंबईची कुटुंबं दोन-तीन दिवस येऊन राहतात. त्यांना चुलीवरची भाकरी करून घालायला रेश्मानं पायथ्याच्या वस्तीतल्या जाईबाईंना बोलावलं.

जाईबाई तेव्हा पंचावन्नच्या होत्या. उभा जन्म त्यांनी नानासोंच्या वडिलांच्या उसात खुरपं घेऊन भांगलण केलेली. आता वाकून काम होत नव्हतं, पण हातात भाकरी अशी फिरायची की पाहुण्या बायका मोबाइल धरून चुलीपाशी उभ्या राहायच्या. "भाकरीचं काय फोटू काढायचं, बया?" म्हणून जाईबाई हसायच्या आणि पदर नीट करायच्या.

ओसरीवर नानासोंनी बघण्यासारख्या ठिकाणांचा फलक लावला होता. कास, ठोसेघर, सज्जनगड, पाचगणी, सागरेश्वर. पाहुणे न्याहारी करून गाडी काढायचे ते दिवेलागणीला परतायचे, अर्धा दिवस गाडीतच गेलेला. अंगणात उभं राहिलं की समोर जो डोंगर दिसतो, त्याचं नाव मात्र त्या फलकावर नव्हतं. त्यात कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं, जाईबाईंनाही नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात जयराज नावाचे एक गृहस्थ पुण्याहून बायको, आई आणि दोन मुलांना घेऊन आले. शनिवारी कासची फुलं बघायला जायचं ठरलेलं, प्रवेशाची नोंदणीही केलेली. सकाळी गाडी सुरू केली आणि क्लचनं दगा दिला. मेकॅनिक मलकापुरातून आला, बघून म्हणाला, "सामान आणावं लागंल. संध्याकाळ व्हणार." मुलांनी तोंडं पाडली. मोठी मुलगी नऊ वर्षांची, ती तर ओसरीच्या खांबाला टेकून मुसमुसायलाच लागली.

जाईबाई भांडी विसळत होत्या. त्यांना ते बघवेना. हात पुसत त्या म्हणाल्या, "ह्या डोंगरावर लेणी हायती. येती का माज्यासंगं?"

रेश्मा जरा अवघडली. पाहुण्यांना असं भलतंच काही सांगावं का, असं तिला वाटलं. पण मुलगी केव्हाच चपला घालायला धावली होती.

जाईबाईंना ती वाट पाठ होती. लहानपणी त्या याच डोंगरावर गवत कापायच्या. आणि दर वैशाखी पुनवेला त्यांचे वडील सगळ्या वस्तीला घेऊन वर जायचे, हातात मेणबत्त्या आणि पांढरी फुलं. छप्पन्न सालानंतर धर्म बदललेली माणसं ती. वर बुद्धाची जागा आहे एवढं त्यांना ठाऊक होतं आणि तेवढ्यानं त्यांचं भागायचं.

पाऊस नुकताच उघडला होता. वाटेवर शेवाळ होतं. जाईबाई कुठं पाय ठेवायचा ते सांगत पुढं चालल्या. जयराजच्या आई गुडघे धरत, थांबत थांबत आल्या. कातळात कोरलेल्या पहिल्या खोल्या दिसल्या. मग खोल्यांमागून खोल्या, दगडातच खोदलेले ओटे, गार पाण्याची टाकी. मोठ्या लेण्यात गोल स्तूप होता. जाईबाईंनी सगळ्यांना खाली बसवलं.

"आता कुनी बोलू नगा. आन पोरी, तू नुसतं तोंड मिटून गुणगुण."

मुलगी गुणगुणली. तो बारीक आवाज छताला लागून सगळीकडून परत आला. ती दचकली, मग हसली, मग पुन्हा गुणगुणली. तिची आजीही तिच्यात सामील झाली.

"आजी, हे कुणी केलं?" मुलीनं जाईबाईंना विचारलं.

"भिक्खू पावसाळ्यात हितं ऱ्हायचं, येवढं माज्या बानं सांगितल्यालं. पर खोदलं कुनी, कशानं, ते मला ठावं न्हाई बाळा."

मुलीचं समाधान झालं. जाईबाईंचं झालं नाही. घरी गेल्यावर नातीला म्हणाल्या, "आम्रपाली, इतकी वर्सं मी त्या दगडाला हात जोडती. आन पोरीनं इचारलं तर मला सांगता यीना."

आम्रपाली कराडच्या कॉलेजात इतिहास शिकत होती. तिनं ग्रंथालयातून पुस्तक आणलं आणि पुढचे चार रविवार आजी-नात वर गेल्या. नात वाचायची, आजी बघायची. लेण्यांचा आकडा साठाच्या वर आहे, कोरून दोन हजार वर्षं होत आली, या गोष्टी जाईबाईंनी ऐकल्या. पण एका लेण्याच्या दारातल्या खांबांवर चक्र आणि सिंह आहेत, हे त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. कातळावरच्या छिन्नीच्या खुणांवरून त्या बराच वेळ बोटं फिरवत राहिल्या. "वरनं खाली घाव घातल्यात," त्या म्हणाल्या. "आदी छत, मग भुई." आम्रपालीनं पुस्तकात पाहिलं. तिथंही तसंच लिहिलं होतं.

जयराजनी पुण्याला जाऊन इंटरनेटवर लिहिलं, 'कासला जाता आलं नाही, ते बरंच झालं.' रेश्मानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. हळूहळू पाहुणे फोनवरच विचारू लागले, "जाईमावशी आहेत ना?" मग भाकरीला दुसरी बाई आली आणि जाईबाई सकाळी पाहुण्यांना घेऊन वर जाऊ लागल्या.

सगळं गोडच झालं असं नाही. एकदा एक बुजुर्ग पाहुणे सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो बाई, ही लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदलेली आहेत." जाईबाईंचे कान तापले. पण त्या शांतपणे त्यांना कोपऱ्यातल्या एका अर्धवट राहिलेल्या खोलीपाशी घेऊन गेल्या. "आवं सायेब, हितं हात लावा. एकेक घाव मोजा. ह्यो राबणाऱ्या मानसाचा हात हाय. आमाला कळतंय त्यो." गृहस्थांनी हात लावला. उतरताना त्यांनी जाईबाईंची पाण्याची पिशवी स्वतः घेतली.

हे ऐकून एक दिवस नानासोच म्हणाले, "मावशी, काश्मीर बघितलं, आसाम बघितलं. ह्यो डोंगुर मातूर शाळंच्या सहलीत येकदाच. मला न्याल का?"

शेताच्या बांधावर नानासो पुढं आणि जाईबाई मागं, अशी वर्षानुवर्षांची चाल होती. त्या सकाळी सुभेदार मागं चालले. स्तूपाच्या लेण्याबाहेर त्यांनी बूट काढले, आत जाऊन भिंतीला टेकून बसले. मग बाहेर येऊन वरच्या वाटेवरून कराडकडे बघत म्हणाले, "तुमच्या वडलांस्नी म्या पुनवंला मेणबत्त्या घेऊन जाताना बघितल्यालं. कुटं चाललाय, असं कवा इचारलं न्हाई." जाईबाईंनी त्यांना कराडच्या दोन्ही नद्यांचा संगम कुठं दिसतो ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी फलकावर आगाशिवचं नाव आलं, सगळ्यांत वर.

गेल्या जानेवारीत रेश्मा म्हणाली, "मावशी, दुनियेला फिरवता. तुम्हाला कुठं जायचंय?" जाईबाईंनी विचार करायला दोन दिवस घेतले आणि पाचगणी सांगितली. नानासोंनी जीप दिली. जाईबाई, आम्रपाली आणि साखर कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेला त्यांचा नवरा धोंडिराम, असे तिघं गेले. टेबललँडच्या पठारावर एक तरुण गाइड त्यांच्यामागं लागला आणि न थांबता माहिती देऊ लागला. जाईबाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं.

"बाबा, सांगतुयास ब्येस," त्या म्हणाल्या, "पर मधी जरा थांबत जा. मानसाला बघू तरी दी." गाइड ओशाळला, मग खरंच थांबला. खाली धोम धरणाचं पाणी उन्हात चकाकत होतं. तिघांनी ते पोटभर बघितलं.

नंतर स्ट्रॉबेरी खाताना लक्षात आलं, धोंडिराम जवळ नाही. तो पलीकडं घोडेवाल्याशी बोलत होता. सत्तरीला टेकलेला माणूस, आयुष्यात कुठल्या जनावराच्या पाठीवर बसला नव्हता, तो बघता बघता घोड्यावर चढला.

"आवं, पडशिला!" जाईबाई ओरडल्या.

"पडू दे की," तो वरूनच म्हणाला, आणि टोपी एका हातानं घट्ट धरून, घोडं चालेल तिकडं हलत-डुलत निघाला. जाईबाई खाली गवतावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत राहिल्या.